सकाळी न उठणारे हात

उमेओ, १२ ऑक्टोबर

प्रिय गुनवोर,

तुझं पार्सल पोचलं. जवाच्या भाकऱ्या एकही न मोडता आल्या. तुझे गुडघे आणि तुझी म्हातारी मांजर दोन्ही ठीक असतील, अशी आशा करतो.

इकडे नदीकाठचे बर्च पिवळे होऊन गळूनही गेले. काल बाकावर बसलो असता शाळेतली ती तळ्याची कविता आठवली. वरून पाणी निळंच असतं, पण खाली थंडी शिरलेली असते आणि ते फक्त बदकांना कळतं. बदकांचं कडवं आलं की तू हमखास अडायचीस आणि मी मागच्या बाकावरून कुजबुजून सांगायचो. किती गोड दिवस होते ते.

भाकरी मात्र मी खाल्लेली नाही. पुडा उघडला, तुमच्या भट्टीघराचा वास आला आणि पुडा पुन्हा बांधून ठेवला.

तर, ईल्वाबद्दल. माझ्या लेकीची बोटं सकाळी तासभर मिटत नाहीत. गेल्या रविवारी चर्चमध्ये पहिलं भजन तिने ऑर्गनवर फार संथ वाजवलं. लोक म्हणाले, काय भाव होता. दोन बोटांच्या मुळाशी जराशी सूज, बाकी काही दिसत नाही, एक्स-रे स्वच्छ. पण रक्तात संधिवाताच्या दोन्ही खुणा निघाल्या, एक पूर्वीपासून तपासतात ती आणि दुसरी अलीकडे सापडलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या खुणा कधीकधी दुखण्याच्या कित्येक वर्षं आधी रक्तात येऊन बसतात. आत्ता औषध सुरू केलं तर बोटं वाचण्याची चांगली आशा आहे. एकदा वाकली की मात्र सरळ होत नाहीत."

आठवड्याला एकदा घ्यायच्या गोळ्या आहेत. पाकीट तिच्या स्वयंपाकघरात खिडकीत पडलंय, न फोडलेलं.

का, ते काल कळलं. ती म्हणाली, "बाबा, आत्या म्हणते, डोळ्यांना दिसत नाही त्या दुखण्यावर विष कशाला गिळतेस? भाकऱ्या लाटायला ये, बोटं आपोआप सैल होतील."

"आणखी काय म्हणाली?"

"म्हणाली, आईचीच लेक तू. हात सकाळी झोपलेले आणि कॉफीला बरोब्बर जागे."

गुनवोर, हे वाक्य मी आधी ऐकलंय. शरदातली भाकऱ्यांची भट्टी पेटलेली, सगळ्या बायका पिठात माखलेल्या, आणि माझ्या मार्गिटच्या हातून लाटणं सुटलं तेव्हा तू हेच म्हणालीस. वर सांगितलंस, "हिचं रक्त तपासलंय हो, स्वच्छ निघालंय. बोटांत रोग नाही, अंगात आळस आहे." सगळ्या हसल्या. माझी बायकोही हसली आणि लाटत राहिली. पुढे तिला चमचा धरवेना, तेव्हा तू सूप भरवायला येऊ लागलीस आणि गावभर तुझ्या मायेचं कौतुक झालं. तिची ती वाकडी बोटं तुझ्या हातात पाहिली की मला किळस यायची. बोटांची नव्हे.

मी डॉक्टरीणबाईंना मार्गिटचं विचारलं. त्या म्हणाल्या, तेव्हा एकच खूण तपासत, दुसरीची तपासणी आलीच नव्हती. एक खूण नाही म्हणजे आजार नाही, असं होत नाही.

त्या वेळी तुला माहीत नव्हतं, हे मानतो. आता माहीत आहे.

ईल्वा माझं ऐकत नाही. मी तिच्या लेखी कविता पुटपुटणारा म्हातारा. तुझं ऐकते, लहानपणापासून. म्हणून तिला तूच फोन कर. मार्गिटबद्दल तू चुकलीस हे तुझ्या तोंडून तिला ऐकू दे, आणि पाकीट फोडायला सांग. गोलगोल बोलू नकोस, कडवं विसरू नकोस.

भाकऱ्या याच टपालाने परत पाठवतोय. तिने पहिली गोळी घेतली की पुन्हा पाठव, लोणी लावून खाईन. तोवर तुझा भाऊ अशी सही करायला मन घेत नाही.

मार्गिटचा नवरा,
एस्किल