'सेट'ला लागलेला आठवडा

मिस, आज वाचनालयात भांडून आले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडण झालं की अजून तुम्हालाच सांगावंसं वाटतं. निवृत्त झाल्यापासून मी तिथल्या हॉलमध्ये संध्याकाळी बायकांना इंग्रजी शिकवते. कुणाचा नवरा मस्कतला आहे, कुणाला नर्सिंगला जायचंय, एकीला नुसतं मुलाच्या शाळेत जाऊन ताठ मानेनं बोलायचंय. आता वाचनालयाच्या कार्यवाहांनी मुंबईहून एक गुळगुळीत पुस्तक आणलंय. एका शब्दाला एक अर्थ, रोज एक पान पाठ, महिन्याभरात इंग्रजी तयार. त्यात 'सेट' म्हणजे संच. संपलं. मला म्हणाले, "दोन हजार साल उलटलं, बाई. लोकांना वेळ नाही. तुम्ही एका शब्दावर आठवडा काढता. हे पुस्तक घ्या, नाहीतर हॉल दुसऱ्या वर्गाला देतो."

आठवडा तुम्हीही काढला होतात, याच शब्दावर. आम्ही सातवीत होतो. तुम्ही फळ्यावर एस, ई, टी ही तीन अक्षरं लिहिता आणि अर्थ सांगतच नाही. प्रत्येकीनं त्या शब्दाचं एक वाक्य घरातून किंवा वाटेवरून आणायचं. डॉक्टरांची मुलगी मोडलेलं हाड बसवल्याचं वाक्य आणते, मिरकरवाड्याच्या कोळीवस्तीतली मुलगी जाळं लावल्याचं, मी आईनं ताटात थापलेल्या आंब्याच्या वड्या घट्ट झाल्याचं. मग सूर्य मावळतो, घड्याळ लावलं जातं, परीक्षेचा पेपर काढला जातो, सगळं त्या तीन अक्षरांत. तुम्ही प्रत्येकीला एकच विचारत होतात, हे कोण कुणाला म्हणतंय? वाक्यामागचं माणूस सांगता आलं नाही की मुकाट्यानं जागेवर परत. मी वैतागून विचारलं, इंग्रजांना शब्द कमी पडले का? तुम्ही हसला नाहीत. "तुझ्या आईला भूक लागते, तिचं दही लागतं, पायाला ठेच लागते, बंदरात बोट धक्क्याला लागते," तुम्ही म्हणालात. "ती कधी गोंधळली?" त्या दिवशी घरी जाताना मी सगळी 'लागणी' गोळा करत गेले. आपण जी भाषा श्वासासारखी वापरतो ती अशी बाहेरून बघता येते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात तपासनीस आले. धडे मागे पडलेत हे त्यांना वही उघडताच कळलं. फळ्यावरच्या शब्दाचा अर्थ त्यांनी मलाच विचारला. मी उभी राहिले आणि त्यांनाच विचारलं, कोण कुणाला म्हणतंय, सर? त्यांनी चष्म्यावरून असं काही पाहिलं की मी मटकन खाली बसले. तुम्ही मात्र जागच्या हलला नाहीत. शांतपणे म्हणालात, तिचा प्रश्न बरोबर आहे, मीच शिकवलाय. ते गेल्यावर मला वाटलं, आता पाठीवर शाबासकीचा हात पडेल. तुम्ही मला टेबलापाशी बोलावलंत. "उत्तर मिळायच्या आधी खाली का बसलीस?" तेवढंच. तुमची नोकरी तेव्हा कायम नव्हती हे मला फार पुढे, मी स्वतः शिक्षिका झाल्यावर कळलं. कायम नोकरीच्या जोरावर पुढे मी पुष्कळ तोंड चालवलं. तुमच्याकडे तोही जोर नव्हता.

आज कार्यवाहांना मी विचारलं की हे पुस्तक तुम्ही स्वतः वाचलंय का. ते बशीत चहा ओतत राहिले. "बसा हो, बाई." मी म्हटलं, उत्तर मिळालं की बसेन. त्यांनी चहा संपवला आणि पुस्तकच माझ्याकडे सरकवलं. मी हॉलची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली आणि बाहेर आले.

बायका पायरीवर थांबल्या होत्या. मी काय झालं ते सांगितलं. मूळची पूर्णगडची, आता गावाच्या टोकाला राहणारी एक आहे, नवरा मस्कतला असलेली, वर्गात फारसं न बोलणारी. तीच आधी बोलली. "मॅडम, आमची पडवी मोठी हाय. बाकडी नायत, पण चटया घालू." दोघीतिघींनी लगेच मान हलवली. एक म्हणाली, तिथवर रोज रिक्षा कोण करणार, आणि घरी काय सांगणार? वाचनालय म्हटलं की सासू सोडते. बाकीच्या एकेक करून पायरी उतरल्या. त्यांना मी काय बोलणार? जिभेला धार असून उपयोग कार्यवाहांपुरता.

सोमवारी त्या पडवीत पहिला वर्ग आहे. खडू आणलेत, शेजाऱ्यांच्या मुलाचा जुना फळा मागून घेतलाय. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते काही मला माहीत नाही, तेव्हा ते पर्समध्येच राहील. चारजणी आल्या तरी पुरे, असं तिथून निघाल्यापासून भेटेल त्याला सांगत फिरले. ते खरं नाही, मिस. मला सगळ्या हव्या आहेत.