पहिलं अक्षर ज्याचं त्यानं

प्रिय डावरे,

फोनवर येत नाहीस, म्हणून पत्र. सूनबाई बिचारी दर वेळी नवीन काहीतरी सांगते. आई आंघोळीला गेल्यात, आईंचा आत्ताच डोळा लागलाय. अगं, एवढी झोप तान्ही बाळंसुद्धा काढत नाहीत! परवा तर मागून तू तिला ‘मी नाही म्हणून सांग’ असं बजावलेलं मला इकडे स्वच्छ ऐकू आलं. आजारपणात तुझं बाकी काय गेलं असेल ते असो, आवाज शाबूत आहे. तेव्हा आता खुर्ची ओढ, चष्मा लाव आणि वाच. पत्राला झोपेचं सोंग दाखवून काही उपयोग नसतो.

तुझा निरोप सूनबाईनं मला जसाच्या तसा सांगितला. उजवा हात गेलाय, काठीशिवाय चालता येत नाही, स्टेडियमच्या त्या जिन्यावर माझी वरात कशाला काढायची, आणि नाव लिहायचंच असेल तर अकरावीलाच, म्हणजे मलाच, सगळं लिहू दे, तिचं अक्षर मोत्यासारखं आहे. स्तुतीबद्दल आभारी आहे. पण माझं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि ते का नाही हे सांगायला एवढे कागद काळे करतेय.

तू स्टेडियममधल्या पाट्या पाहून खूप वर्षं झाली, म्हणून आठवण करून देते. पॅव्हेलियनच्या वरच्या मजल्यावर, खेळाडूंच्या खोलीबाहेरच्या बोळात, त्या लांब लाकडी पाट्या आहेत ना, आपल्या मैदानावर आंतरराष्ट्रीय सामन्यात शतक ठोकणाऱ्यांच्या? हिरवा रंग, त्यावर सोनेरी अक्षरं. नाव, देश, धावा, आणि नाबाद असेल तर पुढे एक चांदणी. त्या सगळ्या माझ्या बाबांच्या हातच्या, आणि बाबांनंतर माझ्या. लांबून बघितलं तर छापल्यासारख्या दिसतात. जवळ जाऊन बघितलं की कळतं, प्रत्येक नावाचं पहिलं अक्षर वेडंवाकडं आहे.

ती पद्धत कशी पडली ते बाबा कौतुकानं सांगायचे. फार पूर्वी कुठल्याशा पाहुण्या संघाचा एक आडदांड फलंदाज, शतक झाल्यावर स्वतःचं नाव लिहिलं जाताना बघायला वर आला. बाबा चॉकची दोरी मारून रेघ आखत होते. त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं बाबांच्या हातातला ब्रश घेतला आणि पहिलं अक्षर स्वतःच काढून टाकलं. इतकं भयाण, की चपलेखाली आलेलं झुरळच! बाबांनी पुसायला फडकं उचललं, आणि पुन्हा खाली ठेवलं. म्हणाले, शतक याचं आहे, मी कोण पुसणारा? उरलेलं नाव त्यांनी त्या झुरळाच्या शेजारी देखणं काढलं. तेव्हापासून नियमच झाला. पहिलं अक्षर ज्याचं त्यानं काढायचं, बाकीचं आम्ही. एकानं बोट मोडलेलं असताना प्लॅस्टरमधून काढलंय. एकाचा हात इतका थरथरत होता की बाबांनी त्याला आधी पाणी पाजलं. पोरगं दिवसभर तोफगोळ्यांसारखे चेंडू खेळलं होतं आणि ब्रशला घाबरलं! त्या बोळात एकही पहिलं अक्षर धड नाही, आणि म्हणूनच त्या पाट्या खऱ्या आहेत. तेव्हा ‘माझ्या हातानं पाटी बिघडेल’ हे कारण तू मला सांगू नकोस. माझ्या घरातले सगळे त्या बिघडलेल्या अक्षरांच्या शेजारीच वाढलेत.

आता बातमी. बाईमाणसांची शतकंही अखेर भिंतीवर घ्यायची असं ठरलं. कोणाला उपरती झाली म्हणून नव्हे हं. आपल्या संघातल्या दोन पोरींनी आणि एका पाहुणीनं अलीकडे इथेच शतकं मारली आणि पोरी सरळ वर जाऊन ब्रश कुठे आहे म्हणून विचारू लागल्या. आपण कधी असं विचारलं नव्हतं, नाही का? आपण पॅड आवरले आणि बस गाठली. तर नवी पाटी करायचं काम माझ्याकडे आलं. तिन्ही पोरींनी आपापली अक्षरं काढली. एकीचं तर इतकं मोठं झालंय की ते तिच्या देशाच्या नावापर्यंत पोचलंय. तीन नावं झाली, पण ती दुसऱ्या ओळीपासून सुरू होतात. पहिली ओळ तुझी आहे, कारण या मैदानावर कुठल्याही बाईनं मारलेलं पहिलं शतक तुझं आहे. त्या ओळीत मी शंभर लिहून ठेवलेत आणि पुढे चांदणी काढलीय. नावाची जागा रिकामी. माझ्या पाट्यांच्या कारखान्यात जो येतो तो विचारतो, हे बिननावाचे शंभर कोणाचे? मी म्हणते, आहे एक हट्टी बाई.

तो दिवस तुला आठवतो की तोही झोपेत घालवलास? पाहुण्या देशाविरुद्धचा आपला सामना खरं तर गावाबाहेरच्या मैदानावर होता. तिथली पाण्याची मोठी नळी फुटली, खेळपट्टीचा चिखल झाला, आणि नाइलाजानं आपल्याला मोठं स्टेडियम उघडून दिलं. तेही असं की फाटकं बंद, खुर्च्यांवरची आवरणंसुद्धा काढली नव्हती. बघायला कोण, तर गवत कापणारे माळी, कॅन्टीनवाल्या काकू आणि छपरावरची कबुतरं. धावफलकावर आकडे लावणारा माणूस रजेवर होता. बायकांच्या सामन्याला फलक कशाला, असं कोणीतरी म्हणालं असणार. तू पन्नाशी ओलांडलीस तेव्हा बाबा रंगाच्या खोलीतून धावत सुटले आणि स्वतः शिडी चढून आकडे लावू लागले. हात रंगानं माखलेले, त्यामुळे तुझ्या धावांचे सगळे आकडे त्या दिवशी हिरवे झाले होते.

आणि मग शेवटची जोडी. तू आणि मी! माझी फलंदाजी म्हणजे काय सांगायचं. मी गोलंदाज, बॅट माझ्या हातात होती ती केवळ नियमात बसते म्हणून. अकराव्या नंबरची म्हणून तुम्ही माझं नाव ‘अकरावी’ पाडलंत, आणि पुढे कितीतरी लोकांना वाटायचं की मी अकरावीत नापास झालेय. तू नव्याण्णववर पलीकडच्या टोकाला, आणि मला त्यांच्या सगळ्यांत वेगवान बाईची अख्खी ओव्हर खेळायची. एक चेंडू बरगडीवर, एक मांडीवर, एक कुठे गेला ते मला आजही माहीत नाही. बॅटला एकही लागला नाही. लागला असता तर धाव तरी काढली असती ना आपण! ओव्हर संपल्यावर तू मध्ये येऊन विचारलंस, फार लागलं का, आणि मी म्हणाले, गप्प बस आणि शतक कर, मी आणखी एक ओव्हर जिवंत राहणार नाही. खोटं नव्हतं ते. तुझं शतक झालं आणि त्याच्या पुढच्याच चेंडूवर माझा त्रिफळा उडाला. शून्य! पण डावरे, माझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत मोठी खेळी आहे. तुझ्या शंभरात माझं ते शून्य आहे. म्हणून ही ओळ काही तुझ्या एकटीची नाही, आणि तुझ्या एकटीच्या लहरीवर मी ती सोडणार नाही.

संध्याकाळी बाबा ब्रश आणि सोनेरी रंगाची डबी घेऊन आपल्या खोलीच्या दाराशी उभे होते, ते तुला माहीत नाही. तू आत बूट काढत होतीस. तेव्हाचे सेक्रेटरी वाटेत आले आणि म्हणाले, हे काय, ही पाटी त्यांच्यासाठी नाही. बाबा भांडणारे नव्हते. परत खाली गेले, ब्रश धुतला आणि मला एवढंच म्हणाले की पोरीसाठी तयार केलेला रंग आज वाया गेला. मला त्या वेळी इतका राग आला की रडूच फुटलं. तुला मी सांगितलं नाही, कारण तू शतकानंतर इतकी हसत होतीस, की म्हटलं निदान घरी पोचेपर्यंत हसू दे.

आता हाताचं. उजवा हात गेला म्हणतेस. वाईट झालं, फार वाईट झालं, त्याचं मी हसू करणार नाही. बातमी कळली त्या दिवशी माझ्याच्यानं काम झालं नाही. पण मला एक सांग, तो हात तुझा कधी होता? शाळेत तुझ्या शेजारी मीच बसायचे. तू डाव्या हातात पेन्सिल धरलीस की बाई पट्टी घेऊन यायच्या, आणि बोटांच्या पेरांवर फटके बसायचे. शेवटी तू हार मानलीस आणि उजव्या हातानं लिहायला लागलीस, रडत रडत. पण मैदानावर पट्टी घेऊन कोणी बाई नव्हती. तिथे तू चेंडू डाव्यानं फेकलास, बॅट डावखुरी धरलीस, आणि तिथे तुला हरवायला कोणी सापडलं नाही. जो गेला तो बाईंचा हात गेला, डावरे. तुझा अजून आहे. सूनबाई सांगत होती की तू त्याच डाव्या हातानं तिच्या पोराला दारातून चेंडू फेकतेस आणि तो नेमका त्याच्या पुढ्यात पडतो. म्हणे हात गेला!

सध्याचे सेक्रेटरी तरुण आहेत, वागायला गोड आहेत, आणि घाईत आहेत. रविवारी पाटीवरचा पडदा काढायचा कार्यक्रम आहे. त्यांचं म्हणणं, बाईंना येणं जमत नसेल तर तुम्हीच पूर्ण नाव लिहून टाका, कोणाला कळतंय? मी म्हटलं, मला कळतंय. ते म्हणाले, नाहीतर यंत्रावर कापलेली तयार अक्षरं चिकटवून घेऊ. मी म्हटलं, चिकटवा, मी खरवडून काढीन. मग जरा आवाज चढले. त्यांचा आधी, माझा नंतर, आणि माझा जास्त. बाबा तेव्हा न भांडता खाली जाऊन ब्रश धुऊन मोकळे झाले होते. मी बाबांची मुलगी असले तरी तो गुण माझ्यात उतरलेला नाही.

तर आता खरं काय ते सांगते. तू त्या जिन्यावर येणार नाहीस ना? नको येऊस. शेवटचा वॉर्निशचा हात होईपर्यंत पाटी माझ्या ताब्यात असते, आणि मी अजून तो हात दिलेला नाही. गुरुवारी सकाळी माझ्या भावाच्या टेम्पोत गाद्या घालून, त्यांवर ती पाटी आडवी ठेवून, मी तुझ्या दारात येतेय. सेक्रेटरींना सांगितलंय. ते नाही म्हणाले, तेही ऐकून घेतलंय. सूनबाईनं ओसरीतलं टेबल मोकळं करून ठेवायचं कबूल केलंय, तिच्यावर ओरडू नकोस. जुने कपडे घाल, हा रंग निघत नाही. आणि हे मी विचारत नाहीये, कळवतेय. तुझी शंभरावी धाव आठवते ना? तू लेगला हलकेच वळवलेला चेंडू तुझ्या पाठीमागे गेला होता. तुला तो दिसत नव्हता, तिथली पोरगी किती जवळ आहे तेही दिसत नव्हतं. चेंडू मागे गेला की धावेची हाक पलीकडच्या जोडीदाराची असते, हे आपल्याला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मी ओरडले, आणि तू एकदाही मागे वळून न बघता धावलीस. अकराव्या नंबरच्या, शून्यावरच्या बाईच्या हाकेवर! आताही चेंडू तुझ्या मागेच गेलाय, डावरे. घरात बसून तुला वाटतंय की सगळं संपलं. मला इथून दिसतंय, धाव आहे. हाक माझी आहे. पळ.

तुझीच, पलीकडच्या टोकावरून,
अकरावी