जेलीच्या गोळ्या आणि माझे ‘हो’

१ फेब्रुवारी, रविवार. साताऱ्याहून सांगलीला, एस. टी. त

काल विमानतळावरून थेट मावशीकडे. सहा महिन्यांनंतर पिठल्याचा वास घेतला आणि जेवणाआधीच पोट भरल्यासारखे झाले.

उद्या सांगलीच्या प्रयोगशाळेत पुन्हा रुजू व्हायचे आहे. द्राक्षे व बेदाण्यांत फवारणीच्या औषधांचा अंश किती राहिला, हे तपासण्याच्या नव्या पद्धती शिकण्यासाठी मला इंग्लंडला पाठवले गेले होते. परदेशी जाऊन येणाऱ्याने सर्वांसाठी खाऊ आणावा, असा आमच्याकडे अलिखित नियम आहे. मागे एकाने चॉकलेटे आणली तेव्हा कार्यालयातल्या मुमताजताई म्हणाल्या होत्या, “ह्ये तर आपल्या बसस्टँडवर बी मिळतंय.” म्हणून मी तिथलेच, त्यांच्या घराघरांत खाल्ले जाणारे पदार्थ निवडायचे ठरवले. त्यापायी तीन शनिवार दुकानांत गेले. निवडीची कारणे वहीत लिहून ठेवली होती. आता वाचताना हसू येते.

व्हिनेगर लावलेले बटाट्याचे काप बाद: आंबट झणका कोणाला सोसणार नाही. सुक्या मेव्याचा केक बाद: घटकांत ब्रँडी. शॉर्टब्रेड, म्हणजे लोण्याची खुसखुशीत बिस्किटे, घेतली. ओटची मधाळ वडी घेतली. जेलीच्या रंगीत गोळ्या मात्र मी निवडल्या नाहीत. तिथल्या प्रयोगशाळेतल्या हेलनने मी निघताना स्टेशनवर हातात कोंबल्या. “माझ्या लहानपणीचा खाऊ आहे, तुझ्या मैत्रिणींना दे,” म्हणाली. सहा महिने तिच्या शेजारच्या टेबलाशी बसून मी तिच्याशी जेमतेम शंभर वाक्ये बोलले असेन.

मावशीने पाकिटे पाहून कपाळावर हात मारला. “आगं वैजू, पाकिटातनं वाटत्यात व्हय? दारात आलेल्याला पाकीट पुढं करतो का आपण? डब्यात भर.” तीन स्टीलचे डबे निघाले. गोळ्यांचे पाकीट तिनेच कात्रीने उघडले. मी झाकणे लावत होते. एस. टी. ची वेळ झालीच होती.

२ फेब्रुवारी, सोमवार. सांगली

मधल्या सुट्टीत डबे उघडले. सहा जण भोवती. सगळ्यांच्या मध्ये उभे राहून मी बोलत आहे, असे या कार्यालयात प्रथमच घडले. पाठ केलेली चार वाक्ये होती, दोन आठवली.

शॉर्टब्रेडचा तुकडा मोडून सुहास पॅकिंगच्या दत्ताला म्हणाला, “गड्या, विलायतेला जाऊन नानकटाई आणलीया हिनं!” दत्ता म्हणाला, “चहात बुडीव की रं, मग कळंल विलायत.” सगळे हसले. मीही. ओटची वडी त्यांना ‘घोड्याचा लाडू’ वाटली, तरी संपली.

मुमताजताईंनी हात पुढे केला नव्हता. त्या नमुना विभागाच्या प्रमुख. मला काम त्यांनीच शिकवले. हळूच विचारले, “वैजू, मला चालतंय नव्हं हे सगळं? वाचलंयस?”

“हो ताई. सगळी लेबलं वाचली.”

मग त्यांनी तिन्ही डब्यांतले खाल्ले. गोळ्या अधिक आवडल्या. पाच रुमालात बांधून अम्मींसाठी नेल्या. अम्मी म्हणजे त्यांच्या सासूबाई.

आज खूप बरे वाटले. हे एवढे सोपे आहे हे कळले असते तर आधीच…

३ फेब्रुवारी, मंगळवार

मु.ताई हसत आल्या. “अम्मीला दात न्हाईत ना. गोळी तोंडात विरघळली म्हणून लय खूश. तुझं नाव घेऊन दुवा दिली बघ. आणि इचारत्यात, अजून हायत का?”

डब्याच्या तळाशी चार उरल्या होत्या. मी दिल्या.

४ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी हेलनला आभाराचे पत्र लिहायला बसले. गोळ्या कोणाला आवडल्या ते सविस्तर लिहावे, त्या कशापासून करतात हेही विचारावे, असा विचार आला आणि लेखणी थांबली. शॉर्टब्रेड: मैदा, लोणी, साखर, मीठ. ओटची वडी: ओट, मध, लोणी, साखरेचा पाक. डोळ्यांसमोर ती लेबले जशीच्या तशी उभी राहिली. गोळ्यांच्या पाकिटावरचे एक अक्षरही आठवेना. आठवेना, कारण वाचलेच नव्हते.

मावशीला फोन केला. पाकीट चकचकीत म्हणून तिने टाकले नव्हते. त्यात टिकल्या आणि पिना ठेवल्या आहेत. माझ्या भाच्याकडून तिने मागच्या बाजूचा फोटो पाठवला. अक्षर बारीक. मोठे करून वाचले.

ग्लुकोजचा पाक. साखर. पाणी. जिलेटिन, डुकराचे.

पत्र अर्धेच राहिले.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितले नाही.

मावशी म्हणाली, “कशाला सांगतीस? पोटात गेलं, पचलं. उगं त्या म्हातारीच्या जिवाला घोर.” हे निष्ठुरपणाने नव्हे, मायेने म्हणाली, हे मला कळते. दिवसभर मी या वाक्याच्या आधाराने वावरले.

पण प्रश्न गोळ्यांचा उरलेला नाही. ताईंनी मला विचारले होते. “पाहिलं नाही, थांबा,” एवढे म्हणता आले असते. सहा माणसे हसत होती, प्रथमच माझ्यामुळे हसत होती, आणि तो क्षण मोडू नये म्हणून मी हो म्हटले. शाळेत उत्तर येत नसेल तर मी गप्प बसत असे. खोटे उत्तर कधी दिले नाही. लाजाळूपणाने माझे पुष्कळ नुकसान केले असेल, परंतु खोटे बोलायला लावले नव्हते. धीट व्हायला गेले आणि पहिल्याच दिवशी…

उलट बाजूही मांडून पाहते. सांगून मला हलके वाटेल. जड कोणाला होईल? त्यांनाच. माझ्या मनाची स्वच्छता मी त्यांच्या सासूबाईंच्या जिवावर करायची का? आणि न सांगता, त्या पुन्हा गोळ्या मागतील तेव्हा कोणत्या तोंडाने ‘संपल्या’ म्हणायचे?

दोन्ही बाजूंना तितकेच मुद्दे लिहून झाले. निबंध असता तर पूर्ण गुण मिळाले असते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितले. दुपारी, नमुना विभागात, दोघीच असताना. तासगावच्या बेदाण्याच्या पुड्यांवर त्या क्रमांक घालत होत्या. मी फोटो पुढे धरला. बोलायचे ठरवले होते ते बोलता आले नाही; “ताई, मी वाचलं नव्हतं,” एवढेच.

त्यांनी चष्मा लावून फोटो वाचला. पुन्हा वाचला. मग पुडी खाली ठेवली.

“नकळत खाल्लं त्याचा गुन्हा न्हाई आमच्यात. अल्ला बघतोय.” त्यांनी चष्मा काढला. “पण वैजू, मी तुला इचारलं हुतं.”

मी फोनवरचा फोटो बंद केला.

“कुठं बी गेलं की मला इचारावं लागतंय. लग्नात, बारशाला, हितं हाफिसात. लोक तोंड वाकडं करत्यात, म्हंत्यात काय हिचं नेहमीचं. इचारायचा बी कटाळा येतो गं. तुला इचारताना तेवढा आला न्हाई.”

“अम्मींना मी येऊन सांगू का?”

“नगं. त्ये मी बघती. सांगायचं का न्हाई, त्येबी मीच बघती. तू आता काय बोलू नगंस.”

परत पुडी उचलली. दोन क्रमांक चुकले होते; खोडून पुन्हा घातले. त्यांच्या हातून खाडाखोड झालेली मी आजवर पाहिली नव्हती.

८ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर खोलीवर. हेलनचे पत्र पूर्ण केले. गोळ्या सर्वांना आवडल्या, असे लिहिले. हे खरे आहे. बाकीचे लिहिले नाही. तो तिचा दोष नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

ताई वेळेवर आल्या. माझ्याकडे पाहून मान हलवली, हसल्या नाहीत. अम्मींविषयी काही बोलल्या नाहीत; मी विचारले नाही. सुहास म्हणाला, “काय ओ, विलायती खाऊ संपला का?” मी नमुन्यांची खोकी आत नेली.

हंगाम सुरू आहे, नमुन्यांची रीघ लागली आहे. दुपारी निर्यातीच्या द्राक्षांचा अहवाल मी सही करून त्यांच्या टेबलावर ठेवला. खालची सही त्यांची असते. मी इंग्लंडला जाण्यापूर्वी दोन वर्षे माझी सही दिसली की त्या शेवटचे पान उलटून आपली करीत.

आज पहिल्या पानापासून वाचायला बसल्या. बोट ओळीखाली धरून, एकेक आकडा. मी उभीच. त्यांनी बस म्हटले नाही, जा असेही म्हटले नाही.

सहाव्या पानावर थांबल्या. “हा आकडा कुठनं आला?”

मी सांगितले.

“कागद दाखव.”

मी यंत्राचा मूळ कागद आणायला गेले.