ज्यांच्याकडे कुणी जायचं नव्हतं

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज मला तुमच्याशीच भांडायचंय. वुडलँड्सहून परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसल्या बसल्याच हे पत्र लिहायला घेतलंय.

एखाद्या योजनेचा माणसांना खरंच उपयोग होतो का, हे तपासायला तुम्हीच शिकवलंत. पुण्यातल्या माझ्या पहिल्याच पाहणीत मी एका घरी गप्पा मारत मटार सोलायला बसले, तर तुम्ही दारातूनच कडाडलात, "तू पाहुणी नाहीस! आपण गेलो तरी गेलो नाही असं धरायचं." आता इथे परदेशात, बुओना व्हिस्टाच्या विद्यापीठात, मी माझ्या विद्यार्थ्यांवर तश्शीच कडाडते.

तर ऐका. इथे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे दर आठवड्याला स्वयंसेवक पाठवायची योजना आहे. तपासायला आम्ही दोन गट केले. एकाकडे स्वयंसेवक जातात. दुसऱ्याकडे कुणीच नाही, फक्त आमची माणसं अधूनमधून प्रश्न विचारायला. एकटेपणा दोन्ही गटांचा सारखाच कमी झाला. म्हणजे स्वयंसेवकांचा उपयोग शून्य, योजना बंद करा, असा अहवाल मी देऊनही टाकला. दुसऱ्या गटाची शेवटची फेरी उरली होती, माणूस कमी पडला म्हणून आज मीच गेले. त्या गटातली एक म्हातारी आंटी दारातच उभी. इस्त्रीचा ब्लाउज, ओठांना लाली, टेबलावर कापलेली पपई. मी विचारलं, गेल्या काही महिन्यांत भेटायला कोण आलं? "यू पीपल लाह! हू एल्स?" ती हसतच सुटली. मी हादरले. ज्यांच्याकडे कुणी जायचं नव्हतं, त्यांच्याकडे आम्ही जात होतो, बाई! भेटीचं औषध दोन्ही गटांना दिलं आणि वर म्हणालो, औषधात दम नाही. 'गेलो तरी गेलो नाही' असं शिकवताना एवढी ढळढळीत गोष्ट तुम्हाला कशी दिसली नाही? आणि मला तरी कुठे दिसली?

उद्या अहवाल मागे घेणार आहे. नाचक्की होईल, होऊ दे, योजना तर वाचेल. निघताना तिने विचारलं, "नेक्स्ट टाइम स्टिल कम, ऑर नॉट?" आमचं काम संपलं, आता कुणी येणार नाही, हे स्पष्ट सांगायचा नियम आहे. माझ्या तोंडून निघालं, "शनिवारी येते." तुम्ही असतात तर हे पत्र टाकायची छाती झाली नसती, म्हणून आत्ताच कबूल करते. मला तिची दया आली नव्हती. माझ्याही दारी कुणी येत नाही, बाई.