भाषण साडूचं, तालीम माझी

४ जुलै
कॉलेजच्या पालक मेळाव्यात ‘मुलं आणि मोबाईलवरचे खाजगी फोटो’ यावर बोलायला आमच्या साडूला बोलावलंय. ईरण्णाला! नळदुर्गात मोबाईलचं दुकान माझं आणि भाषण भूगोलाच्या मास्तरचं. मी जळत नाही. फक्त जेवण गेलं नाही.

५ जुलै
ठरलं. मेळाव्यात प्रश्न विचारायला म्हणून उठायचं आणि खरं भाषण आपणच ठोकायचं. जेवताना तालीम केली. पोरी असले फोटो पाठवतात कारण घरात बापाचा धाक नाही, हा मुद्दा. माझ्या पोरीनं पाठवला तर तंगडी मोडून घरात बसवीन! इथं ताटाशेजारी मूठ आपटली. बायकोला, म्हणजे महादेवीला, टाळ्या वाजवायला लावल्या. शिवलीला (आमची एकुलती, बी.ए. पहिलं वर्ष) अर्ध्या ताटावरून उठली. भाषण भिडलं.

८ जुलै
शिवलीला रोज संध्याकाळी साडूकडं. विचारलं तर म्हणे, मावशी लई छान विणायला शिकवते. भाषण घेतलं, आता माझी पोरगी पण घेणार काय हा माणूस? उद्यापासून तिकडं जाणं बंद.

९ जुलै
बंद करायचं राहिलं. दुकानात गर्दी. एक जण स्क्रीनगार्ड बघून गेला.

११ जुलै
साडू आणि मेहुणी शिवलीलाला घेऊन धाराशिवला. स्कॉलरशिपचं काम म्हणे. मला कुणी चला म्हटलं नाही. परत आल्यावर पोरगी पोटभर जेवली. साडूचा वाराही मानवतो तिला.

१५ जुलै
मेळावा. साडूचं भाषण मिळमिळीत. पोरं चुकतात. धमकी आली तर मेसेज पुसू नका, तक्रार करा. आणि आधी ओरडू नका, ऐकून घ्या. एवढ्यावर शाल, श्रीफळ! मी हात वर केला तर आभारप्रदर्शन सुरू. घरी येऊन शाल किती झिरझिरीत होती ते सांगत बसलो. महादेवी म्हणाली, पुरे करा आता.

१६ जुलै
महादेवीनं सांगितलं. कॉलेजातल्या एका पोरानं गोड बोलून शिवलीलाचा फोटो मागून घेतला होता. मग गावभर पाठवीन म्हणून धमकावत होता. साडूनं धाराशिवला पोलिसांत तक्रार दिली. पोराचा मोबाईल जप्त झाला. घरात सगळ्यांना माहीत, मी सोडून.

शिवलीलाला समोर बसवलं. एवढंच विचारलं, माझ्याकडं का आली न्हाईस?

म्हणाली, अप्पा, त्या दिवशी जेवताना तुम्हालाच सांगणार होते. पण तुमचं भाषण सुरू झालं.

माझं भाषण मन लावून ऐकलेली ती एकटीच.