खुर्चीतलं सोंग

ता. ४ जानेवारी

ती. आत्यास,
दाताच्या डॉक्टरणीचा सा. न. वि. वि.

काल फोनवर तू नुसते हुंकार भरत होतीस. शेवटी बाबांनी फोन ओढून घेतला आणि सांगितलं, की खालची दाढ सुजून तुझं तोंडच उघडत नाही. म्हणून हे पत्र. बोलता येत नसलं तरी लिहिता येईल, आणि तू लिहायला लागलीस की मला केवढी बोलणी बसतात ते ठाऊक आहे.

इतक्या वर्षांनी तू पुन्हा रंगमंचावर उभी राहणार, तेही न्यायाधीशबाईंच्या कामात, हे ऐकून मी दवाखान्यात उडीच मारली. आणि लगेच ही दाढ! हिरडीतल्या भुलीच्या इंजेक्शनाने मागे तुझा घसा सुजून श्वास अडकला होता, त्यामुळे त्याचं नाव काढायचं नाही. दम्यामुळे इस्पितळवाले पूर्ण बेशुद्ध करायला तयार नाहीत. म्हणजे भुलीशिवाय दाढ काढायची, नाहीतर तशीच ठेवून काम सोडायचं.

आता मुद्द्याचं, आणि हसू नकोस, गाल दुखेल. गेले काही महिने मी सुटीच्या दिवशी संमोहन शिकते आहे. आमच्या वर्गात काळा झगा घालून घड्याळ झुलवणारं कोणी नाही. शिकवणाऱ्या बाई स्वेटर विणता विणता शिकवतात. संमोहन म्हणजे झोप नव्हे गं! लक्ष एकाच ठिकाणी इतकं लागतं, की बाकीचं सगळं बाजूला सरकतं. तू पुस्तकात डोकं घातलंस की दूध उतू जातं, घरभर वास सुटतो आणि तुला पत्ता नसतो. नाक आपलं काम करत असतं, मनच दार उघडत नाही. दुखण्याचंही तसंच आहे. दाढ फक्त निरोप धाडते. तो किती मनावर घ्यायचा हे डोकं ठरवतं. परवा बाई बोलत असताना मी हाताला चिमटा लावून घेतला. चिमटा कळत होता, पण दुखत नव्हता! मी आनंदाने टाळी वाजवली आणि मग मात्र सणकून दुखला.

सगळ्यांना हे सारखंच जमतं असं नाही, तेही सांगून ठेवते. पण तुला जमेल असं मला फार वाटतं. येतेस का?

तुझ्या लोभावर हक्क सांगणारी,
भिंगरी


ता. ९ जानेवारी

चि. भिंगरीस,
सुजलेल्या तोंडाने अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवता येईना, म्हणून दादाला वाचायला दिलं. तो चष्मा पुसत म्हणाला की पोरगी हुशार आहे. त्याच्या मते तू चौथीतही हुशारच होतीस, भूगोलात नापास झालीस तेव्हाही.

माझं ऐक. मला संमोहनाचं कौतुक सांगू नकोस. तरुणपणी मी एका नाटकात रोज रात्री संमोहित व्हायची. खलनायक बोटं नाचवायचा, मी डोळे थिजवून हात पुढे करायची, पुढच्या रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. त्या वेळी मनात काय चाललेलं असायचं? चप्पल कुठे ठेवली आहे, हे. हे मन माझ्या ताब्यातलं आहे, बाई. कोणी दोन गोड वाक्यं बोलून ते काढून नेईल, हे व्हायचं नाही.

पण इकडचे रंग निराळे आहेत. शेवटच्या अंकात मला निकालाचं लांबलचक भाषण आहे. काल तालमीत ते अशा अर्धवट उघडणाऱ्या तोंडाने म्हटलं, तर आरोपीचं काम करणारा गंभीर माणूस हसून हसून पिंजऱ्यातच खाली बसला. दिग्दर्शक हसला नाही, त्याची भीती वाटते. त्याने एका धाकट्या नटीला माझं काम पाठ करायला दिलं आहे. ती रोज विंगेत उभी राहून माझ्याबरोबर ओठ हलवते. महिनाअखेर तोंड उघडलं नाही तर माझा झगा तिच्या अंगावर चढेल. आपल्याला आता कोणी बोलावणार नाही असं धरून मी एवढी वर्षं घरी बसले. आता बोलावलं आहे, तर एका दाढेपायी परत फिरायचं?

तर येते. दाढ तुझी, पण डोकं माझं. ते मी सोडणार नाही, आधीच सांगून ठेवते.

तुझी हट्टी,
आत्या


ता. १२ जानेवारी

ती. आत्यास,
नाचत नाचत सा. न. वि. वि.

येतेस! मी पत्र घेऊन थेट आमच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत घुसले. ते एका पेशंटच्या तोंडात वाकलेले होते, त्या बिचाऱ्यालाही सगळं ऐकावं लागलं. डॉक्टरांचा अजून पुरता विश्वास नाही. पण बाबा म्हणतात तशी दाढ हलत असेल, तर प्रयत्न करायला हरकत नाही असं त्यांनी सांगितलं. ते स्वतः शेजारी उभे राहतील, दम्याची औषधं हाताशी ठेवतील. सोबत गोळ्या पाठवते, त्या न चुकता घे, म्हणजे सूज उतरेल.

आणि डोकं तुझंच राहू दे, मला ते नकोच आहे! तुझ्या मनाविरुद्ध मला काहीही करता येणार नाही. मी फक्त बोलणार. कुठे जायचं ते तुझं तू ठरवायचंस. तुला सगळ्यात बरं वाटतं अशी एक जागा शोधून ठेव. माणसं समुद्र निवडतात, बाग निवडतात. दुखलं तर डावं बोट वर कर, मी त्या क्षणी थांबेन, आणि मग दुसरा काही मार्ग बघू. मला अजिबात वाईट वाटणार नाही.

खरं सांगू? वाटेल. हा माझा पहिलाच पेशंट, आणि तोही तू. रात्रभर छताशी बोलून सराव करते आहे. छत अगदी शांत झोपतं.

तुझी वाट बघणारी,
भिंगरी


ता. २३ जानेवारी

चि. भिंगरीस,
एक दाढ कमी झालेल्या तोंडाने आशीर्वाद.

सुखरूप पोचले. सूज जवळजवळ गेली. काल तालमीत निकालाचं भाषण असं खणखणीत म्हटलं, की विंगेतल्या त्या धाकटीचे ओठ हलायचे थांबले. दिग्दर्शकाने पाठ फिरवली नि हळूच रुमाल काढला. झगा माझाच राहिला! तुझे उपकार कसे फेडू?

पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय घास उतरत नाही. निघताना तू सांगितलंस, की डॉक्टरांच्या संमेलनात ही हकीकत तू सर्वांपुढे मांडणार आहेस. ते करू नकोस गं. मी नाटक केलं.

तुझा चेहरा मला बघवेना. मोठे डॉक्टर हाताची घडी घालून उभे, आणि तुझा आवाज पहिल्या वाक्यालाच कापत होता. मनात म्हटलं, पोरीची शोभा व्हायला नको. मग मी सगळी जुनी कारागिरी बाहेर काढली. पापण्या हळूहळू जड केल्या, श्वास लांबवला. हात हलका होऊन वर तरंगतो आहे असं तू म्हणालीस, मी तरंगवला. जागा विचारलीस तेव्हा नाटकाच्या कपड्यांची खोली सांगितली. पडदा वर जायच्या आधी मी तिथे झग्यांच्या ढिगात बसायची, ती. पुढे तू बोलत होतीस आणि मी भूमिका करत होते. एवढ्यात दाढ निघालीसुद्धा. सात-आठ मिनिटांचा काय तो खेळ. फक्त शेजारच्या शिंप्याला एकदा सांगून ठेव. त्याचं शिलाई मशीन असं काही घरघरत होतं, की मध्येच माझं लक्ष उडायचं बाकी होतं.

तेव्हा संमेलनात स्वतःचं हसं करून घेऊ नकोस. रागावलीस तरी चालेल, पण लोभ ठेव.

तुझी नटवी,
आत्या


ता. २७ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि., आणि खुर्चीला घट्ट धरून बस.

आत्या, आमच्या शेजारी शिंपी नाही! एका बाजूला जिना आहे, दुसऱ्या बाजूला बँकेची भिंत. अख्ख्या इमारतीत शिलाई मशीन नाही, मी काल वर-खाली जाऊन विचारून आले.

ते ड्रिल होतं. तुझ्या दाढेचं मूळ आत मोडलं. ते हाडात रुतून बसलेलं, त्यामुळे हिरडी थोडी कापावी लागली, भोवतालचं हाड ड्रिलने कोरावं लागलं आणि वर टाके घातले. सात-आठ मिनिटं कुठली, जवळजवळ तास गेला! मोठ्या डॉक्टरांना घाम फुटला होता. मी दर थोड्या वेळाने तुझ्या डाव्या बोटाकडे बघत होते आणि ते ढिम्म हलत नव्हतं. नंतर मी तुला सगळं सांगायला लागले, तर तू आरशापुढे उभी राहून आरोपीला शिक्षा ठोठावत होतीस. तुला दिलेल्या कागदावर टाके आपोआप विरघळतील असं लिहिलं आहे. तू तो वाचला नाहीस ना? मला माहीतच होतं!

तुझं पत्र वाचून डॉक्टर आधी खूप हसले. या विषयात जुना वाद आहे म्हणतात, की माणूस खरंच संमोहित होतो की समोरच्याच्या मनासारखं सोंग करतो. त्यांनी मलाच उलट विचारलं, की ज्या सोंगात हाड कोरलेलं दुखत नाही, त्याला सोंग म्हणायचं की आणखी काही? तेव्हापासून मी जागच्या जागी उड्या मारते आहे. पापण्या जड करता येतात, हात तरंगवता येतो, मान्य. पण ड्रिलचं शिलाई मशीन तू ठरवून केलंस का? ते कुठून आलं?

मला एवढंच खरं सांग, शपथ घालते. दुखलं का?

लोभ आहेच, उत्तर मात्र उलट टपाली हवं.
भिंगरी


ता. २ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

नाही दुखलं.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. दादा दोनदा विचारून गेला, की कोणाचं काही बरंवाईट झालं का. मी आठवून आठवून बघितलं. खुर्चीत बसल्यावर मी तुझ्यासाठी सोंग घेतलं, एवढं पक्कं आठवतं. पण ते कधी संपलं आणि त्या कपड्यांच्या खोलीत मी खरीच कधी जाऊन बसले, ते सापडत नाही. मशीनवर कोण शिवत होतं तेही मी पाहिलं होतं गं. पाठमोरी एक बाई होती, निळा धागा होता. डोकं माझं ना, मग त्याने मला विचारायचं तरी!

मी कसली गप्प बसते? आरशासमोर बसून तेच सगळं पुन्हा केलं. पापण्या, श्वास, हात, अगदी तसंच. आणि सुई टोचली. अशी झोंबली की दादा धावत आला. एकटीने नाही जमलं. तू म्हणशील सरावाने जमेल, जमतही असेल. पण त्या दिवशी समोर तुझा कापरा आवाज होता, आणि त्याला सांभाळून घेण्यात मी इतकी गुंतले, की दुखायचं राहूनच गेलं. तुमच्या जुन्या वादात माझं एवढं मत नोंदवून ठेव. संमेलनात खुशाल मांड. माझं सोंगही मांड, त्याच्याशिवाय गोष्ट अर्धी.

आता काल रात्रीचं ऐक! पडद्यामागे उभी होते. पहिलं वाक्य आठवेना. एवढ्या वर्षांनी समोर भरलेलं थिएटर, आणि मला सरळ घरी पळून जावंसं वाटलं. मग विचार केला, निदान न घाबरलेल्या बाईचं सोंग तरी करू. मान ताठ केली, श्वास लांबवला आणि चालत गेले. न्यायासनावर बसेपर्यंत भीती कुठे गेली ते मी बघितलंच नाही. निकालाच्या भाषणाला थिएटर असं चिडीचूप झालं होतं, की आरोपीचा हुंदका ऐकू आला. तो हुंदका संहितेत नाही. पडदा पडल्यावर ती धाकटी येऊन माझ्या गळ्यात पडली आणि रडली. मीही रडले, आणि ते मात्र सुरुवातीपासून खरं होतं.

जाता जाता एक सांगते. तू झालीस तेव्हा मला लहान मुलं मुळीच आवडत नसत. रडकं, लाल, सुरकुतलेलं गाठोडं दादाने हातात दिलं. त्याचं मन मोडू नये म्हणून मी कौतुकाचं सोंग केलं. ते कधी संपलं, तेही मला सापडत नाही.

तुझी,
आत्या