दह्याच्या चमच्यानं लांबलेलं ऑपरेशन

लोअर हट, न्यूझीलंड, सप्टेंबर २०१६

प्रिय आई,

उद्या इराचं ऑपरेशन आहे. आत्ता ती बालवाडीत, तिच्या किंडीत आहे, निखिल ऑफिसला गेलाय आणि घरात मी एकटीच. तू असतीस तर आज तुझ्याशी कडाडून भांडले असते. तू नाहीस, म्हणून लिहायला बसले.

सर्जनबाईंनी कागदावर फुप्फुसाचं चित्र काढून दाखवलं होतं, आठवतं ना? आत पाण्यानं भरलेली लिंबाएवढी गाठ, जन्मापासूनची. बरगड्यांमधून दोन-तीन बारीक छिद्रं पाडायची, एकातून कॅमेरा आत घालायचा आणि गाठ काढायची. घरी आल्यावर तू इराच्या पाठीवरून हात फिरवत म्हणालीस, "एवढीशी छाती, त्यात कॅमेरा मावायचा कुठे गं?" मी हसले होते. भीती मलाही वाटतच होती.

मागच्या वेळी, ऑपरेशनच्या सकाळी मी गाडी काढायला बाहेर गेले, तेवढ्यात तू तिच्या हातावर दही-साखर ठेवलीस. माझ्या प्रत्येक परीक्षेला ठेवायचीस तशी. मी न्यूझीलंडला निघाले तेव्हा तर तू विमानतळावरही डबी घेऊन आली होतीस! पोट अगदी रिकामं हवं, हे आदल्या दिवशी तुला किती वेळा बजावलं होतं. पण तुझ्या लेखी ते खाणं नव्हतंच, तो शकुन होता.

हॉस्पिटलात नर्सनं विचारलं, हिनं शेवटचं कधी खाल्लं? मी म्हटलं, काल रात्री. इरा म्हणाली, "नो, आजी गेव्ह मी दही. ऑन माय हँड."

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. भूल दिल्यावर पोटातलं उलटून श्वासनलिकेत गेलं, तर जिवावर बेततं. आज नको, नवी तारीख कळवू. तू कोपऱ्यातल्या खुर्चीत स्वेटरचं एकच बटण लावत-काढत बसली होतीस.

नवी तारीख लांबली. तुझा व्हिसा संपला, तू पुण्याला गेलीस. फोनवर दर वेळी तोच प्रश्न, "माझ्यामुळे राहिलं ना गं?" मी म्हणायचे, छे, इथे ऑपरेशनं अशीच पुढे जातात. तुला ते पटायचं का?

जे तुला कळू दिलं नाही ते आज सांगते. इथल्या जून-जुलैच्या हिवाळ्यात त्या गाठीत पू झाला. इरा तापानं फणफणली, हॉस्पिटलात ठेवावं लागलं, हाताला सलाईन. तुला सांगितलं, सर्दी झालीय. त्याच आठवड्यात दादाचा फोन आला, तू झोपेतच गेली होतीस. मला येता आलं नाही, आई. इराच्या कॉटशेजारी बसून मोबाइलवर तुझा चेहरा पाहिला. ती विचारत होती, "इज आजी स्लीपिंग?"

आता गाठ आजूबाजूला चिकटलीय. सुरुवात छिद्रांनीच करू, पण नाही जमलं तर छाती उघडावी लागेल, असं सर्जनबाई म्हणतात. त्यालाही मी होकार दिलाय. ऑपरेशन तेव्हाच झालं असतं तर ही वेळ आली नसती. एवढं साधं ऐकायला काय झालं होतं तुला? दिवसभर मनात तुझ्याशी वाद घालते, आणि मग वाटतं, उद्या थिएटरचं दार बंद झाल्यावर शेजारच्या खुर्चीत तूच हवी होतीस. निखिल असेल, पण त्यालाच धीर द्यावा लागतो.

एक वचन देते. इरा मोठी झाल्यावर काखेखालचा व्रण पाहून विचारेलच. तो नखाएवढा असो की पाठीपर्यंत गेलेला, मी एवढंच सांगेन, गाठ होती, ती काढली. उशीर का झाला, ते माझ्या तोंडून तिला कधी कळणार नाही. माझा राग अजून गेलेला नाही. तो माझा मी सांभाळीन. इराला तिची आजी अख्खीच मिळेल.

तुझी,
मंजू